तक्रारीनंतरची रात्र : वृद्ध-अत्याचार आणि ‘संस्कारां’चा युक्तिवाद

वृद्ध-अत्याचाराचा विषय निघाला की मराठी सार्वजनिक चर्चेत एक उत्तर ठरून गेल्यासारखे पुढे येते. एकत्र कुटुंबे मोडली, संस्कार सुटले, म्हणून मुले आई-वडिलांना विचारीनाशी झाली. अशा स्थितीत कायदे करून फारसे साधणार नाही, उलट घरातले भांडण कचेरीत गेले तर उरलीसुरली मायाही आटेल. तेव्हा मुलांना लहानपणापासून वडीलधाऱ्यांचा मान राखायला शिकवावे हाच खरा इलाज, असे ते उत्तर आहे. व्याख्यानमालांतून, ज्येष्ठांच्या मेळाव्यांतून आणि पुष्कळदा शासकीय कार्यक्रमांतूनही ते मांडले जाते, आणि मांडणाऱ्यांच्या मनात वृद्धांविषयी कळकळ असते यात शंका नाही. परंतु हे निदान वस्तुस्थितीला धरून नाही, आणि त्यातून निघणारा उपाय छळ सोसणाऱ्या माणसाला पुन्हा त्याच दाराआड लोटणारा आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, संस्कारांची ही भाषा शासनाला सोयीची पडली असून तिच्या आडोशाने शासनाने स्वतःचे कर्तव्य मुलांच्या खांद्यावर टाकून दिले आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. २००२ च्या टोरांटो जाहीरनाम्यात आलेली आणि जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेली व्याख्या अशी की, ज्या नात्यात विश्वासाची अपेक्षा असते अशा कोणत्याही नात्यातील एखादी कृती, किंवा करायला हवी ती कृती न करणे, मग ते एकदाच घडो वा वारंवार, त्यातून वृद्ध व्यक्तीला इजा किंवा क्लेश झाला तर तो वृद्ध-अत्याचार होय. शारीरिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक अत्याचारांच्या जोडीला उपेक्षा, म्हणजे गरजेची सेवा न करणे, हाही अत्याचाराचाच प्रकार मानला जातो. म्हणून मारहाण झाली नाही एवढ्यावरून अत्याचार झाला नाही असे म्हणता येत नाही. निवृत्तिवेतनाचे पासबुक आणि एटीएम कार्ड मुलाने स्वतःकडे ठेवून घेणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे लांबवणे, बिछाना ओला होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देणे, पाहुणे आले की म्हाताऱ्या माणसाला आतल्या खोलीत बसवणे, आणि दोन भावांच्या वाटणीत आई एकाकडे व वडील दुसऱ्याकडे अशी पाळी लावून चाळीस-पन्नास वर्षांचा संसार तोडणे, या साऱ्या गोष्टी या व्याख्येत येतात. ज्या घरांत त्या घडतात ती घरे संस्कारहीन असतात असे मुळीच नाही. तेथे सणावाराला वाकून नमस्कार होतो, पंचाहत्तरी थाटात साजरी होते, आणि गावात नाव ठेवायला जागा राहू नये याची काळजीही घेतली जाते. आदर दाखवण्याची रीत आणि माणसाला त्याच्या पैशावर, शरीरावर व वेळेवर अधिकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संस्कारवादी निदान पहिलीलाच दुसरी समजून चालते.

या निदानाचा ऐतिहासिक पायाही कच्चा आहे. पूर्वी सारे ठीक होते आणि पाश्चात्त्य वाऱ्याने बिघडले असे मानायचे, तर पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाने निराधार वृद्धांसाठी १८६३ साली आश्रयगृह का उभे राहिले, आणि पुढे ‘निवारा’ म्हणून ते आजतागायत का चालू आहे, याचा उलगडा होत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध किंवा दुर्बल आई-वडिलांचा निर्वाह करण्याची सक्ती मुलगा व मुलगी या दोघांवर घातली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ ने पत्नी आणि मुले यांच्या बरोबरीने आई-वडिलांनाही दंडाधिकाऱ्यापुढे निर्वाहाची रक्कम मागता येईल अशी सोय केली, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम १४४ म्हणून आली आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात विवाहित मुलगीही या जबाबदारीतून सुटत नाही असा निर्णय दिला. ज्या पिढीला आज एकत्र कुटुंबाची शेवटची पिढी म्हणून गौरवले जाते तिच्याच काळात संसदेला ही कलमे लिहावी लागली, याचा अर्थ दुखणे जुने आहे. एकत्र कुटुंबात ते झाकले जात होते, आणि झाकण्याची किंमत बहुधा विधवा, निपुत्रिक आणि जमीन नावावर नसलेल्या म्हाताऱ्या बायका मोजत होत्या.

अत्याचाराचे मोजमाप करतानाही हे झाकणे आड येते. ६० वर्षांवरील सुमारे दर सहा व्यक्तींपैकी एकीला वर्षभरात समाजात कोणत्या ना कोणत्या अत्याचाराला तोंड द्यावे लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या ‘लासी’ या पाहणीत वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचे सांगणाऱ्या वृद्धांचे प्रमाण सुमारे ५ टक्के निघाले. या दोन आकड्यांवरून भारतीय घरांत वृद्ध अधिक सुखी आहेत असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. परंतु प्रश्न विचारणारा घरात येऊन विचारतो, उत्तर देणारा ज्याच्याविषयी सांगायचे त्याच्याच छपराखाली बसलेला असतो, आणि वाईट वागणूक म्हणजे काय हेही त्याने आपल्या मनाशीच ठरवायचे असते, हे ध्यानात घेतले तर ५ टक्के हा आकडा सांगण्याचे धैर्य झालेल्यांचा आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शिवाय २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या व्यक्ती १० कोटी ३८ लाख होत्या. इतक्या लोकसंख्येचे ५ टक्के म्हणजेही ५० लाखांहून अधिक माणसे होतात.

आता ‘कायदा घरात शिरला की घर मोडते’ या आक्षेपाकडे वळावे. २००७ साली संसदेने केलेला आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण यासंबंधीचा अधिनियम या आक्षेपाचा मुख्य रोख असतो, पण तो कायदा वाचून आक्षेप घेतला जातो असे दिसत नाही. या कायद्याने प्रांताधिकाऱ्याच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या, दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली निर्वाह न्यायाधिकरण नेमण्याची तरतूद केली. अर्ज स्वतः वृद्धाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा संस्थेने करावा, किंवा न्यायाधिकरणाने आपण होऊन दखल घ्यावी अशी मुभा ठेवली. आणि निर्णयाला ९० दिवसांची व अपवाद म्हणून आणखी ३० दिवसांची मर्यादा घातली. सुनावणीपूर्वी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत समेट घडवून आणणाऱ्या माणसाकडे, सोपवण्याची वाटही याच कायद्यात आहे. भांडण वाढवण्याचा नव्हे, तर ते कमी खर्चात आणि लवकर मिटवण्याचा हेतू त्यात उघड दिसतो. मग घर कोण मोडते? आईच्या अंगठ्यावर जमीन नावावर करून घेऊन तिला पडवीत झोपवणारा मुलगा घर आधीच मोडून बसलेला असतो. अर्जामुळे फक्त ते मोडल्याचे शेजाऱ्यांना कळते, आणि घराण्याच्या अब्रूचे गोडवे गाणाऱ्यांना खुपते ते बहुतेक वेळा हे कळणेच.

या कायद्यावरचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सासू-सासऱ्यांच्या नावावरचे घर रिकामे करून घेण्यासाठी, विशेषतः मुलाचे आणि सुनेचे पटेनासे झाल्यावर, या कायद्याचा वापर सुनेविरुद्ध हत्यारासारखा होतो, अशी स्त्री-संघटनांची तक्रार आहे. ती निराधार नाही. बंगळुरूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले की, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला ‘सामायिक घरात’, म्हणजे वैवाहिक नात्यातून ती जेथे राहत आली त्या घरात, राहण्याचा जो हक्क दिला आहे तो ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखालील संक्षिप्त चौकशीने हिरावून घेता येणार नाही; दोन्ही कायदे एकमेकांशी जुळवून वाचले पाहिजेत. हा निर्णय योग्यच आहे. सासूचे संरक्षण सुनेला रस्त्यावर आणून होत असेल तर त्याला न्याय म्हणता येत नाही. पण यावरून कायदाच नको असे ठरत नाही. ठरते ते एवढेच की प्रांताधिकाऱ्याला या दोन्ही कायद्यांचे शिक्षण मिळाले पाहिजे आणि घर रिकामे करण्याचा आदेश हा शेवटचा उपाय राहिला पाहिजे. त्याच २००५ च्या कायद्यातून ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द २०१६ साली न्यायालयाने काढून टाकल्यामुळे आता वृद्ध आईला मुलाविरुद्धच नव्हे, तर मुलीविरुद्ध व सुनेविरुद्धही संरक्षण मागता येते, ही गोष्ट फार थोड्या घरांपर्यंत पोचली आहे. वृद्ध पुरुषाला मात्र ते दार बंदच आहे.

संस्कारवाद्यांना सर्वांत अडचणीचे ठरणारे क्षेत्र मालमत्तेचे आहे, कारण तेथे छळाचे मूळ भावनेत नसून कागदात सापडते. मराठी रंगभूमीवर ‘नटसम्राट’ १९७० मध्ये आले तेव्हापासून प्रेक्षक अप्पासाहेब बेलवलकरांसाठी रडत आले आहेत आणि मुले कृतघ्न निघाली एवढाच बोध बहुतेकांनी घेतला. परंतु त्या शोकांतिकेची सुरुवात अप्पासाहेबांनी हयातीतच सर्वस्व वाटून टाकण्याने होते, याकडे तेवढे लक्ष गेले नाही. २००७ च्या कायद्यातील कलम २३ नेमके तेथे हात घालते. मूलभूत सोयी आणि गरजा पुरवण्याच्या अटीवर वृद्धाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे समजून रद्द ठरवून घेता येते. अट मात्र असली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट सिद्ध झाल्यावाचून कलम २३ लागू होत नाही असे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावला पाहिजे असे सांगून बक्षीसपत्र रद्द केले आणि ताबाही परत देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला असल्याचे मान्य केले. दुसऱ्या निर्णयाने दिलासा दिला खरा, तरीही त्या आईच्या हाती सांभाळाचे लेखी वचन होते, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायची झाल्यास मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. कुटुंबांतर्गत व्यवहार सोपे व्हावेत हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु घर देऊन टाकणे शासनाने इतके स्वस्त केले आणि देणाऱ्याच्या म्हातारपणाची एक ओळ त्या दस्तात असावी, याची तजवीज मात्र केली नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, जेथे बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र (वारसाने आपला हिस्सा इतरांच्या नावे सोडून दिल्याचा दस्त) नोंदवले जाते, तेथे देणारा साठीपुढचा असेल तर कलम २३ ची अट त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवणे, ती नको असल्यास तसे वेगळ्या सहीने लिहून घेणे, आणि हे सारे घेणाऱ्याला बाहेर बसवून करणे, एवढ्यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. वृद्ध-अत्याचाराला प्रतिबंध करण्याची याहून स्वस्त आणि अचूक जागा सापडणे कठीण. सातबारावरचे नाव गेल्यावर संस्कारांची आठवण करून देऊन काय उपयोग?

शासनाच्या भूमिकेत संस्कारांचा युक्तिवाद कसा मुरला आहे, हे आणखी दोन बाबतींत दिसते. लातूर जिल्हा परिषदेने २०२१ च्या सुमारास आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती त्यांच्या आई-वडिलांना देण्यास सुरुवात केली. आसामने २०१७ मध्ये सरकारी नोकरांसाठी याच धर्तीचा कायदा केला. ज्या वृद्धांना त्यातून पैसे मिळाले त्यांना ते मिळायलाच हवे होते, आणि वसुली थेट पगारातून झाल्यामुळे आदेश कागदावर राहिला नाही, ही या उपायाची जमेची बाजू आहे. परंतु ज्यांची मुले ऊसतोडीला जातात, हमाली करतात किंवा स्वतःच कर्जात बुडालेली आहेत, त्यांच्या आई-वडिलांसाठी कोणाचे वेतन कापणार? त्यांच्यासाठी उरते ते निवृत्तिवेतन. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ या वयोगटासाठी केंद्राचा वाटा गेली अनेक वर्षे दरमहा २०० रुपयांवर थांबलेला आहे. राज्याची श्रावणबाळ योजना धरून ही रक्कम २०२३ पासून १,५०० रुपये झाली, पण त्या योजनेचे दार ६५ वर्षांनंतर उघडते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असण्याची अट तिला वर्षानुवर्षे चिकटून आहे. कुटुंबाचे उत्पन्न मोजताना ते म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचते असे शासन गृहीत धरते. म्हणजे ज्या मुलाने आईला उपाशी ठेवले त्याचीच कमाई तिच्या निवृत्तिवेतनाच्या आड येते. योजनेला श्रावणबाळाचे नाव द्यायचे आणि अट अशी ठेवायची, यात वृद्ध व्यक्तीला स्वतंत्र नागरिक मानण्याची तयारी नाही. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ पासून काम करणाऱ्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन सर्व वृद्ध कष्टकऱ्यांना हक्क म्हणून द्यावे, अशी मागणी केली, तिचे महत्त्व येथे आहे. हाती स्वतःचे पैसे असलेल्या म्हाताऱ्या माणसाशी घर वेगळे वागते, हे कोणत्याही गावात पाहायला मिळते.

समाजाच्या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे आणि त्यांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ यांनी वृद्धांना घराबाहेर स्वतःची जागा मिळवून दिली. १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ नावाची राष्ट्रीय मदतवाहिनी २०२१ पासून विनामूल्य चालू आहे. आणि कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा म्हाताऱ्या विधवेच्या अवहेलनेचे एक मूळच उपटण्याचा तो प्रयत्न होता, तोही जुन्या संस्काराविरुद्ध उभे राहून. परंतु संघांच्या सभांना येतो तो चालता-फिरता, बहुधा निवृत्तिवेतन असलेला ज्येष्ठ. अंथरुणाला खिळलेली म्हातारी सभेला येत नाही, आणि तिच्या हाती फोनही नसतो. २००७ च्या कायद्याखालील नियमांनी प्रत्येक पोलीस ठाण्याला, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठांची यादी ठेवून त्यांना नियमित भेटी देण्यास सांगितले आहे. चोर-दरोडेखोरांच्या भीतीपोटी ते योग्यच. पण वृद्ध-अत्याचाराची व्याख्याच विश्वासाच्या नात्यावर उभी असताना, भरल्या घरात राहणारा वृद्ध सुरक्षित आहे असे धरून चालणे म्हणजे जेथे धोका अधिक तेथे न पाहणे होय. दर महिन्याला घरोघर जाणारी आशा कार्यकर्ती गरोदर बाई आणि तान्हे मूल यांची चौकशी करते. त्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकटे गाठून दोन प्रश्न विचारण्याचे काम योग्य मोबदला देऊन तिच्याकडे सोपवता येण्याजोगे आहे.

प्रत्येक उपेक्षेमागे दुष्टपणाच असतो असेही नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूचे रात्रंदिवस करणारी सून, जी स्वतः पन्नाशीची, कंबरदुखीने बेजार आणि वर्षभरात एक दिवसही माहेरी न गेलेली असते, ती एखाद्या रात्री हात उगारते तेव्हा तिला संस्कारांचे व्याख्यान देणे क्रूरपणाचे आहे. तिला आठवड्यातून एक दिवस विसावा देणारे दिवसापुरते सांभाळकेंद्र हवे, आणि शिक्षित परिचारिकेची अधूनमधून भेट हवी. मुलांवर सर्व भार टाकणारे धोरण सरतेशेवटी घरातल्या बाईवरच तो टाकते, आणि मग तिलाच आरोपी ठरवते.

२००७ च्या कायद्यातल्या उणिवा केंद्रालाही ठाऊक आहेत. निर्वाहाच्या रकमेवरची दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा काढणे, जावई-सुनांनाही जबाबदार धरणे, आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी नेमणे या तरतुदींचे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीने त्यावर अहवालही दिला, आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, झाले.

राहिला तो प्रश्न, ज्याच्यापाशी छळ सोसणारे बहुतेक वृद्ध थांबतात : अर्ज दिल्यावर त्या रात्री झोपायचे कोठे? न्यायाधिकरणाचे ९० दिवस ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्याच हातचे खाऊन काढायचे असतील तर तक्रार करणारे थोडेच निघणार, आणि मग आकडे कमी आहेत म्हणून समाजाला समाधान वाटणार. कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम कल्पिला आहे, आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर अशा आश्रमांची जिल्हावार माहिती गोळा करण्याचा आदेशही केंद्राला दिला. तथापि मुलांच्या बाबतीत ‘दायित्व’ हा शब्द वापरणारा आणि आदेश मोडल्यास एक महिन्यापर्यंत कैद सांगणारा हाच कायदा आश्रमांच्या बाबतीत राज्य शासन ते स्थापन ‘करू शकेल’ एवढेच म्हणतो. दुरुस्ती विधेयक पुन्हा आणायचे असेल तर तेथे ‘करील’ असा शब्द यावा, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या आश्रमात काही खाटा अशा राखाव्यात, की जेथे उत्पन्नाचा दाखला, मुलाची संमती किंवा शिफारसपत्र न मागता, केवळ निर्वाह न्यायाधिकरणात अर्ज दिल्याची पोच दाखवून, निकाल लागेपर्यंत राहता येईल.